जे. पी. म्हणजे काय?

जूनमध्ये आठवीच्या नव्या वर्गात पाऊल ठेवले की हजेरी घ्यायच्या आधी मी फळ्यावर दोन अक्षरे लिहिते : जे. पी. आणि विचारते, "म्हणजे काय?" शाळा जे. पी. नगरमधली, मुले बहुतेक जे. पी. नगरचीच. शाळेच्या बसवर, दप्तराच्या चिठ्ठीवर, जेवण मागवायच्या अॅपवर ही दोन अक्षरे त्यांनी हजारदा पाहिलेली. गेल्या वर्षी पहिले उत्तर आले, "जे. पी. मॉर्गन, मिस." वर्ग हसला, पण उत्तर देणारा गंभीर होता, बंगळुरात ते उत्तर अगदीच अवाजवी नाही. दुसरा म्हणाला, जयनगर संपल्यावर हे सुरू होते, म्हणून 'जयनगर पार्ट टू' असणार. खिडकीजवळच्या एका मुलीने 'जयप्रकाश' एवढे सांगितले आणि पुढे गप्प झाली. हीच मुले बक्सारच्या लढाईचे साल झोपेतून उठवले तरी सांगतात.

ज्या माणसाच्या नावाने ही मुले रोज पत्ता लिहितात, त्या जयप्रकाश नारायणांना जून १९७५ मध्ये आणीबाणी लागताच तुरुंगात टाकले. त्याच सुमारास संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात आलेले वाजपेयी, अडवाणी आणि आपले मधु दंडवते इथेच पकडले गेले आणि इथल्या मध्यवर्ती कारागृहात ठेवले गेले. त्या कारागृहाच्या जागी आता फ्रीडम पार्क आहे. मुले तिथे सहलीला जाऊन आली आहेत, फोटोही आहेत. जे. पी. नगर आणि फ्रीडम पार्क यांना जोडणारा धागा मात्र कोणी त्यांच्या हाती दिला नव्हता. खरे म्हणजे त्यांनी तो मागितलाही नव्हता, आणि मला जास्त खुपते ते हे.

आठवी हे 'म्हणजे काय?' विचारायचे वर्ष आहे, असे माझे मत अनेक वर्षे आठवीला शिकवून बनले आहे. सातवीपर्यंत आपण मुलांच्या डोक्यात भरत राहतो : पाढे, श्लोक, सनावळ्या, व्याख्या. त्यात गैर काही नाही. भांडे रिकामे ठेवून स्वयंपाक होत नाही. पण तेरा-चौदाव्या वर्षी मूल घरात उलट उत्तरे देऊ लागते, देवापुढे हात जोडताना डोळे उघडे ठेवते, बापाच्या राजकारणावर हसते. त्या वयात शाळेने त्याला 'म्हणजे काय?' विचारायची रीत शिकवली नाही, तर ते एकतर सगळे खोटे मानू लागते किंवा विचारणेच सोडून देते. हे मला शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात सर्वांत स्वच्छ सापडले नाही. ते सापडले माझ्या नसलेल्या एका परंपरेत, लूथरन शाळांच्या परंपरेत.

मार्टिन लूथर म्हटले की आपल्याला पोपशी भांडणारा बंडखोर आठवतो. शाळामास्तरांनी आठवावा असा लूथर वेगळा आहे. १५२४ मध्ये त्याने जर्मन शहरांच्या नगरसभांना जाहीर पत्र लिहून मुलांसाठी, आणि मुलींसाठीही, शाळा काढा असे बजावले. पुढे सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांची पाहणी करताना साध्या प्रार्थनाही लोकांना धड येत नाहीत हे पाहून तो हबकला आणि १५२९ मध्ये त्याने एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तिची रचना साधी आहे. आधी मूळ वचन येते, आणि लगेच खाली एकच प्रश्न : हे काय आहे? दहा आज्ञा, श्रद्धेचे कलम, प्रार्थना, सगळ्यांच्या खाली तोच प्रश्न. प्रस्तावनेत क्रमही सांगितला आहे : आधी शब्द जसेच्या तसे पाठ करवून घ्या, मग अर्थ शिकवा. म्हणजे पाठांतर हा त्याला शत्रू वाटत नव्हता. पाठांतरावर थांबणे त्याला मान्य नव्हते.

लूथरन घरांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या वतीने मोठी माणसे बोलतात. तेरा-चौदाव्या वर्षी त्या मुलाने उभे राहून तेच स्वतःच्या तोंडाने म्हणायचे असते. वसईच्या ख्रिस्ती मंडळींचा 'दृढीकरण' हा शब्द इथेही चालेल, जरी त्यांचा संस्कार कॅथलिक आणि अर्थाने थोडा निराळा आहे. अमेरिकेतल्या कित्येक लूथरन शाळा आठवीपर्यंतच असतात, आणि आठवीचे वर्ष हेच बहुधा दृढीकरणाच्या तयारीचे वर्ष. आठवीच्या शिक्षकाकडे बीजगणित आणि व्याकरण असतेच. शिवाय मुलाने आजवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले सत्य त्याच्या तोंडी देण्याचे कामही असते. ही परंपरा आमच्यापासून फार लांब नाही. अमेरिकेच्या मिसुरी सिनॉडचे मिशनरी १८९५ मध्ये ज्या गावी येऊन राहिले ते कृष्णगिरी जे. पी. नगरहून होसूरच्या रस्त्याने दोन तासांवर आहे.

आपल्याकडे याला समांतर काही नाही असे नाही. मुंज आहेच. आठव्या वर्षी बटूच्या कानात मंत्र सांगायचा आणि त्याला गुरूकडे पाठवायचे, ही कल्पना मोठी होती. पण ती मुलींना नाही, बहुतेक जातींना नाही, आणि ज्यांना होती त्यांच्यातही ती कार्यालयाचे बुकिंग आणि जेवणावळ एवढ्यावर येऊन ठेपली. मंत्राचा अर्थ काय, असे विचारणाऱ्या बटूला 'आधी म्हण, मग कळेल' असे सांगितले जाते. ते 'मग' पुष्कळांच्या आयुष्यात कधी येतच नाही.

लूथरन पद्धतीत सगळे आलबेल आहे असे मात्र मी म्हणत नाही. तिथल्या शिक्षकाची अडचण माझ्या लक्षात येते, कारण ती माझीही आहे. 'हे काय आहे?' असा प्रश्न छापलेला, आणि खाली उत्तरही छापलेले! प्रश्न विचारायचे स्वातंत्र्य दिल्यासारखे दिसते, पण उत्तर एकच चालते. मुले हुशार असतात. कोणते उत्तर दिले की सुटका होते हे त्यांना चटकन कळते. हा दोष धर्मशिक्षणापुरता नाही. महाराष्ट्रात ज्याने 'एकवीस अपेक्षित' प्रश्नसंच चाळून परीक्षा दिली आहे त्याला मी काय म्हणते ते सांगायला नको. 'का ते सांगा' या प्रश्नाखाली चार मुद्दे, प्रत्येकी अर्धा गुण : आपली धर्मनिरपेक्ष प्रश्नोत्तरी ती हीच. छापील उत्तर असलेला प्रश्न खरा करायचा असेल तर शिक्षकाने स्वतः शिकायला बसावे लागते. याचा एक दाखला मराठ्यांच्या राज्याच्या कडेलाच घडला आहे.

९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइन्रिश प्ल्युचाऊ हे दोन जर्मन लूथरन तरुण तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरले. बंदर डेन्मार्कच्या ताब्यात, पण भोवतालचा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा. त्सीगेनबाल्गला तमिळचे अक्षर येत नव्हते. त्याने एका वयस्क तमिळ पंतोजींना त्यांची शाळा आपल्या घरी भरवायला सांगितले, आणि मुलांबरोबर जमिनीवर बसून हा विशीतला धर्मोपदेशक बोटाने वाळूत अक्षरे गिरवू लागला. नऊ वर्षांत, १७१५ मध्ये, त्याच गावी तमिळमधला नवा करार छापून निघाला. भारतात शिकवायला आलेल्या पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांपैकी एकाने सुरुवात मुलांच्या रांगेत बसून केली, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मोलाची वाटते.

तंजावर आणि बंगळूर ही मराठी माणसाला दोन वेगळी गावे वाटू नयेत. १६३८ पासून बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी इथूनच जाऊन तंजावरचे राजे झाले. त्याच घराण्यात सरफोजी आला. जन्म १७७७ चा. दहाव्या वर्षी तुळजाजीराजांनी त्याला दत्तक घेतले आणि मरताना त्याची काळजी एका लूथरन मिशनऱ्यावर, ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झवर टाकली. श्वार्ट्झ त्या मुलखात नवा नव्हता. १७८५ च्या सुमारास इंग्रज रेसिडेंट जॉन सुलिव्हन याच्या साह्याने तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा इथे त्याने शाळा उभ्या केल्या होत्या, आणि त्यांत ब्राह्मण मुलेही येत.

तुळजाजीनंतर गादी त्यांचा सावत्र भाऊ अमरसिंह याच्याकडे गेली आणि सरफोजी जवळजवळ कोंडला गेला. दत्तक खरे की खोटे यावर पंडितांचे निवाडे चालू होते, आणि इकडे मुलगा शिक्षणावाचून वाढत होता. वयाचा हिशेब करून पाहा : आज जी मुले आठवीच्या बाकावर असतात, त्या वयात तंजावरचा हा राजपुत्र शाळेला पारखा होता. श्वार्ट्झने मद्रासच्या सरकारकडे तक्रारी लावून धरल्या. १७९३ मध्ये सरफोजीला मद्रासला हलवले आणि तिथे विल्हेल्म गेरिके या दुसऱ्या लूथरन पाद्र्याच्या देखरेखीखाली तो शिकला. १७९८ मध्ये गादीवर आला, त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला. सरफोजीने जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे : म्हातारा गुरू पलंगावर, त्याचा हात हाती घेतलेला पागोटेवाला राजा, आणि शाळेतली मुले.

हा राजा ख्रिस्ती झाला नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. तो शेवटपर्यंत आपल्या घराण्याच्या देवाधर्मात राहिला. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. पण मिशनऱ्यांकडे शिकलेले काहीही त्याने टाकले नाही. मुक्तांबाळ छत्रात फुकट शाळा चालवली, देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. तिथे १८०६ मध्ये सखण्णा पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापल्या गेल्या. पुण्यात अजून पेशवाई होती, तेव्हाची ही गोष्ट. सरफोजीच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. गुरूने युरोपचे ज्ञान दिले. शिष्याने ते दक्षिणेच्या लोकनाट्यात आणि घरच्या भाषेत बसवले. 'म्हणजे काय?' या प्रश्नाला स्वतःचे उत्तर देणे म्हणतात ते याला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती लपवली तर मीही छापील उत्तरच देत आहे असे होईल. सरफोजीला गादी मिळवून देणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीनेच १७९९ च्या तहाने त्याचे राज्य काढून घेतले. त्याच्याकडे किल्ला आणि तैनात एवढेच उरले. त्याच्या हाती ग्रंथालय, नाटक आणि छापखाना राहिला, कारण दुसरे काही राहिलेच नव्हते. श्वार्ट्झ प्रामाणिक होता, पण १७७९ मध्ये हैदरअलीकडे कंपनीचा निरोप घेऊन श्रीरंगपट्टणला गेला होता तोही तोच. तरंगंबाडीच्या चर्चमध्ये ख्रिस्ती झालेल्यांच्याही बसायच्या जागा जातीप्रमाणे वेगळ्या असत. 'हे काय आहे?' हा प्रश्न त्या बाकांपर्यंत फार उशिरा पोचला.

आणि मुंबई आपण विसरू शकत नाही. १८४३ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणारा नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले, मुलगा अल्पवयीन म्हणून बापाकडे परत आला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेऊन त्याची शुद्धी करवली. मिशन शाळा म्हटले की मराठी मनात अजून जी शंकेची पाल चुकचुकते तिचे मूळ अशा प्रकरणांत आहे. पण त्याच दशकात त्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत जोतीराव फुले शिकत होते. तेही ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. एकाच मिशनच्या शाळांतून श्रीपतचा खटला निघाला आणि जोतीरावही निघाले. म्हणून 'मिशन शाळा चांगली की वाईट?' हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. मूल तिथे अर्थ विचारायला शिकले की कोणाचा तरी अर्थ गिळायला शिकले, हे पाहायला हवे.

आपल्या संविधानाने या पेचावर बराच विचार केलेला दिसतो. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतो. अनुच्छेद २८ सांगतो की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणावरही धर्मशिक्षणाची सक्ती करता येणार नाही. संमती हवी, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची. कायदा म्हणून हे बरोबरच आहे. श्रीपतच्या खटल्यानंतर शंभर वर्षांनी आलेले शहाणपण आहे. पण शिक्षक म्हणून मला त्यात एक फट दिसते. पालकाने संमती दिली, पण मुलाने? तेरा वर्षांच्या मुलाला कायद्याने मत नाही, पण मन असते. लूथरन परंपरेने निदान तत्त्वतः तरी ते मान्य केले : दुसऱ्यांनी तुझ्या वतीने काढलेले शब्द पुरेसे नाहीत, तू स्वतः बोल. मठाच्या, मदरशाच्या, मिशनच्या आणि आमच्यासारख्या कोणत्याच धर्माच्या नसलेल्या शाळेनेही घ्यावे असे काही त्यात असेल, तर ते एवढेच आहे.

आम्ही मात्र आठवीचे काय केले? शिक्षण हक्क कायद्याने आठवी ही प्राथमिक शिक्षणाची शेवटची पायरी ठरवली. कर्नाटकच्या जुन्या पद्धतीत आठवी ही हायस्कूलची पहिली पायरी. आमच्या आजोबांच्या मुंबई इलाख्यात सातवीची 'फायनल' होऊन माणूस मास्तर व्हायचा. म्हणजे आठवी एकाच वेळी शेवटही आणि सुरुवातही. असा उंबरठा मिळाला की सरकारला परीक्षा सुचते. कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये राज्य मंडळाच्या शाळांत पाचवी, आठवी, नववीची मंडळ-परीक्षा सुरू झाली, न्यायालयाच्या आदेशाने मधेच थांबली, पुन्हा घेतली गेली, आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालच रोखून धरला. आमची शाळा वेगळ्या मंडळाची, पण शेजारच्या इमारतीतली मुले त्या महिन्यात रोज सकाळी विचारत, आज पेपर आहे की नाही? वर्षभरात त्यांनी मनापासून विचारलेला तो बहुधा एकमेव प्रश्न असेल.

पालकांची तऱ्हा निराळी. पहिल्याच पालकसभेत एका वडिलांनी मला विचारले, "फाउंडेशन आठवीपासून घ्यावं की नववीपासून?" फाउंडेशन म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेची तयारी. मी म्हटले, "आधी मुलाला विचारलंत का?" ते हसले. "मॅडम, त्याला काय कळतंय!" वाईट माणूस नव्हे, आउटर रिंग रोडवर रोज तीन तास घालवून मुलासाठी कमावणारा बाप. पण त्या वाक्यात बाप्तिस्म्याच्या वेळी बोलणारी मोठी माणसे मला पुन्हा दिसली. तो मुलगा 'मी इंजिनिअर होणार' असे म्हणेलही. शब्द चोख असतील, अर्थ दुसऱ्या कोणाचा असेल.

यावर माझ्याकडे मोठी योजना नाही. माझ्या वर्गात काय चालते ते सांगते. आठवीच्या नव्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात मराठ्यांवर आख्खा धडा आहे. तो शिकवताना मी वर्गाला एकच काम दिले : घरी जाऊन आपल्या आडनावाचा, गावाचा किंवा भाषेचा एक शब्द आणा आणि 'म्हणजे काय?' ते तुम्हाला कळेपर्यंत विचारत राहा. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची तीच मुलगी उठली. तिचे आडनाव 'राव'. मी तिला कानडीच समजत होते. ती म्हणाली, "मिस, आम्ही घरी मराठी बोलतो. पण ती तुम्हाला कळणार नाही." तिची आजी तंजावरची. आजी ज्याला मराठी म्हणते त्यात तमिळ मुरलेले आहे, आणि पुणेरी मराठी ऐकली की ती हसते. नात मात्र आजवर समजत होती की आपल्या घरी 'चुकीचे' मराठी बोलतात. त्या दिवशी तिने सरफोजीचे नाव फळ्यावर लिहिले. मी सांगितले नव्हते. आजीने सांगितले होते. मी ऐकत बसले, तिच्या बाकावर, कारण माझी खुर्ची तिने घेतली होती.

नंतर वर्गातल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "मग तो राजा ख्रिश्चन का नाही झाला?" उत्तर मला छापून मिळाले असते तर दिले असते. मी म्हटले, "तुला काय वाटतं?" तास संपला तरी भांडण संपले नाही. त्या धड्यावरच्या पेपरात त्या वर्गाला किती गुण मिळाले ते मला आता आठवत नाही.

शाळा मिशनची असो, मठाची असो की एखाद्या बिल्डरने काढलेली 'इंटरनॅशनल' असो, पालकांनी प्रवेश घेताना वातानुकूलित वर्ग आणि निकालाची टक्केवारी जरूर विचारावी. पण एक तास आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्या, असेही म्हणावे. तिथे प्रश्न कोण विचारते आहे ते पाहावे. तासभरात एकाही मुलाने 'म्हणजे काय?' विचारले नाही, तर त्या शाळेचा धर्म कोणताही असो, आपले मूल तिथे घालू नये.